निळा स्वेटर

"अजून थोडा निळा वाढव," बाबा म्हणाले.

प्रिंटरमधून निघालेला सहावा फोटो मुलीने त्यांच्या हातात दिला. "बाबा, आता आईचे गालसुद्धा निळे पडायला लागले."

"चाळीस वर्षं लॅबमध्ये रंग जुळवलेत मी. तू मला शिकव आता!"

लॅबमध्ये बाबांचा डोळा म्हणजे शेवटचा शब्द. ओला फोटो ते कधी बघत नसत. वाळला की खिडकीशी नेत, एक नजर टाकत आणि सांगत, "पिवळा दोन कमी." त्यावर ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. भिंतीवर लावायच्या तिच्या फोटोत स्वेटरचा निळा अस्सल उतरलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. परवा मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्याआधी त्यांना हे काम हातावेगळं करायचं होतं.

शेवटी मुलीने कपाटातून स्वेटरच काढला आणि खिडकीत पहिल्या फोटोशेजारी ठेवला. "बघा, हुबेहूब आहे की नाही?"

"जुळतोय. पण मुळात स्वेटरच विटलाय. तीन वर्षांपूर्वीच म्हटलं होतं तिला, मळकट दिसतो, नको घालूस."

"आई काही बोलली नाही?"

"रंगाच्या बाबतीत माझ्याशी कोण वाद घालणार?"

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं. पट्टी निघाल्यावर घरी येऊन बाबा टेबलाशी थबकले. सहावा फोटो उचलून म्हणाले, "हे कुणाचे प्रताप? बाई थंडीने काकडल्यासारखी दिसतेय!"

"तुमचेच."

त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. परत पहिला.

"मोतीबिंदूत भिंग पिवळं पडतं, बाबा. निळा आत पोचतच नाही. वर्षानुवर्षं हळूहळू होतं, म्हणून कळत नाही."

बाबांनी पहिला फोटो निवडून बाजूला ठेवला. मग विचारलं, "स्वेटर कुठेय?"

तिने आणून दिला. तीन वर्षांच्या घडीच्या रेघा त्यावर तशाच होत्या.

"विटला नव्हता गं," ते हळूच म्हणाले.

खिडकीजवळ आईची खुर्ची होती. घडी मोडून त्यांनी स्वेटर खुर्चीच्या पाठीवर घातला, दोन्ही बाह्या सारख्या केल्या, आणि डावा डोळा तळहाताने झाकून बराच वेळ समोर उभे राहिले.