अनवाणी

आमच्या ह्यांना शुगर. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज सकाळी मिनिटभर जीव खाऊन पळा, मग थोडं चाला, परत पळा. शुगरनं शरीरात आतल्या आत येणारी, रक्तात दिसणारी सूज कमी होईल. बूट घालूनच पळा, असंही सांगितलं. काही महिन्यांनी रक्ताच्या तपासणीत सूज खरंच उतरलेली दिसली, आणि वकिली करणारा हा माणूस मग घरात कोणाचंच ऐकेना.

नवरात्र आलं. अंबादेवीचे नऊ दिवस आमच्या घरात कोणी पायात चप्पल घालत नाही. मी म्हटलं, "मग नऊ दिवस पळू नका."

"देवीचंही होऊन राहिलं, डॉक्टरचंही होऊन राहिलं. तू काहून घाबरून राहिली?" असं म्हणून हे रोज अनवाणीच पळायला जाऊ लागले.

दसऱ्याला सोनं देऊन आमची मुलगी अबोली त्यांच्या पाया पडायला वाकली आणि वासानं मागे सरली. तळव्यात काटा मोडला होता, भोवतालचं मांस काळं पडलं होतं.

"बाबा, दुखलं नाही?"

"बिलकूल नाही," हे म्हणाले, तेही कौतुकानं. शुगरनं पाय केव्हाच बधिर झाले होते.

एक पाय गुडघ्याखाली कापला. घरी आणायच्या दिवशी मी त्यांच्या चपला घेऊन दवाखान्यात गेले. नवरात्र संपलं होतं ना. मी जोड खाली ठेवला, तेव्हा अबोलीनं त्यातली एक चप्पल उचलून परत पिशवीत टाकली.