कुंकू लागलेली वीस युरोंची नोट

मित्रांनो, लक्ष्मीपूजनाच्या पाटावर बसण्याचा मान मिळालेली मी एक जुनी वीस युरोंची नोट आहे. माझा जन्म युरोपातल्या छापखान्यातला. अंग कापसाचं, रंग निळा. तिकडं मी कितीतरी घरांसाठी पाव आणला, फुलं आणली, पण माझ्याकडे कुणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नाही.

मग बेंबळी गावचे बलभीमराव शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्यावर हॉलंडला आले. परतताना सोबतच्यांनी उरलेल्या पैशांची विमानतळावर चॉकलेटं घेतली. बलभीमरावांनी मला मात्र आतल्या खिशात जपून ठेवलं. गावात माझा काय थाट! सलूनपासून दूध डेअरीपर्यंत मी हातोहात फिरले. दिवाळीला त्यांच्या पत्नी धुरपदाबाईंनी मला दागिन्यांशेजारी मांडलं आणि हळदकुंकवाची बोटं लावली. मी अगदी फुलून गेले.

पुढे त्यांची लेक शिवकन्या नर्स झाली आणि तिला जर्मनीत नोकरी लागली. तिला चांगली बॅग घ्यावी म्हणून बलभीमरावांनी मला बदलून रुपये आणायला सोलापूर गाठलं. काउंटरवरच्या माणसाने डाग पाहिले आणि मला परत सरकवलं. हे कळल्यावर धुरपदाबाईंचा चेहरा पडला.

“म्या लक्ष्मी म्हणून कुंकू लावलं, आन् तिचीच किंमत घालवली,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

त्यांनी मनाला फार लावून घेतलं. शेवटी, ही नोट इथं नाही तर तिच्या मुलखात चालेल, असं म्हणत शिवकन्येने मला पर्समध्ये ठेवलं.

जर्मनीत उतरल्यावर हॉस्टेलच्या गावाला जाणारी शेवटची बस समोर उभी होती आणि शिवकन्येचं कार्ड काही केल्या चालेना. पोरगी रडकुंडीला आली. तिने मला ड्रायव्हरपुढे धरलं. तांबडा डाग पाहून तो दचकला. हे रक्त आहे का, असं त्याने विचारलं. नव्याने शिकलेल्या जर्मनमध्ये अडखळत तिने सांगितलं, की हे कुंकू आहे, माझ्या आईने हिची पूजा केली आहे. त्याने मला उलटसुलट पाहिलं, गल्ल्यात ठेवलं आणि तिला तिकीट दिलं. त्या क्षणी माझी छाती अभिमानाने भरून आली.

बसच्या वायफायवरून शिवकन्येने तिथूनच स्पीकर लावून घरी फोन केला. आई, तुझी नोट चालली, असं ती म्हणाली.

“तुला गाडीत बसवलं नव्हं तिनं? मग माझं कुंकू वाया न्हाय गेलं,” धुरपदाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, परदेशातून उरलेल्या नोटा आणल्या तर जरूर पुजा, पण हळदकुंकू पाटाला लावा. परदेशी नाणी तर भारतात सहसा कुणी बदलूनही देत नाही. म्हणून नोटा-नाणी कपाटात कोंडून ठेवू नका. गावातलं कुणी तिकडं निघालंय का, ते विचारा आणि त्यांच्या हाती द्या. म्हणजे एखाद्या लेकीला परक्या मुलखातली पहिली रात्र बसथांब्यावर काढावी लागणार नाही.