गौऱ्याची भुवई

भाट्येच्या पुलाशी गौरव कीरचा बॅनर लागला, त्या दिवशी कामावरून येताना मी स्कूटर थांबवली आणि स्वतःचंच तोंड बघत उभा राहिलो. बॅनरवर गौऱ्या मूठ उगारून उभा, आणि त्याच्या पायाशी मी, मांडवीचा झुबेर होडेकर, भुवई फुटलेला, अर्धा चेहरा रक्ताने माखलेला. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'हाच तो उजवा हात! भाट्येच्या वाघाची निरोपाची लढत.'

उजवा हात म्हणे! उचलली जीभ लावली टाळ्याला. माझी भुवई त्याच्या हाताने फुटलीच नव्हती, डोक्याने फुटली होती. हे जगात दोघांनाच ठाऊक. एक मी आणि एक तो.

आम्ही दोघे आप्पा शिवलकरांच्या हाताखाली बॉक्सिंग शिकलो, एकाच वर्षी प्रो झालो आणि तीनदा एकमेकांसमोर आलो. पहिली लढत मी मारली, दुसरी त्याने. तिसरीला मांडवी आणि भाट्ये अशी दोन गावं समोरासमोर बसली होती. मी पुढे होतो. ते त्यालाही कळत होतं. त्याने मला मिठी मारली, पंच दुसऱ्या बाजूला आहे हे बघितलं आणि कपाळ माझ्या भुवईवर हाणलं. पंचाला वाटलं ठोसा बसला. डोकं दिसलं असतं तर त्याचे गुण कापले असते. ठोसा म्हटल्यावर माझंच रक्त माझ्यावर उलटलं. डॉक्टरने लढत थांबवली आणि गौऱ्याचा हात वर गेला.

उजव्या डोळ्याला तेव्हापासून उजेड आणि सावली एवढंच दिसतं. बॉक्सिंगचं लायसन्स गेलं. मी बोंबलून सांगितलं की डोकं मारलं, डोकं. व्हिडिओत त्याची पाठ दिसते फक्त. लोक म्हणाले, हरलेला माणूस काहीतरी बोलणारच. माझे सासरेसुद्धा म्हणाले, "जाऊ दे ना जावई, मर्दासारखं मान्य करावं." डोळा गेल्याचं मला एवढं लागलं नाही, जेवढं हे लागलं. मला गौऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. एकदाच. डोकं होतं म्हणून.

मग मी दुबईला गेलो. तिथे एका जिममध्ये झाडलोट करता करता एका म्हाताऱ्या फिलिपिनोकडून जखमा बंद करायला शिकलो. दोन राऊंडच्या मध्ये एक मिनिट मिळतं. तेवढ्यात बॉक्सरची फुटलेली भुवई पुसायची, औषधात बुडवलेली कापसाची काडी आत दाबून धरायची, वर व्हॅसलीनचा थर द्यायचा. रक्त थांबलं तर गडी पुढे खेळतो. नाही थांबलं तर डॉक्टर लढत बंद करतो. परत आल्यावर मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यात लागलो, आणि जिल्ह्यात कुठे लढती असल्या की हे काम माझ्याकडेच यायचं. दुसरा कोणी नव्हताच.

म्हणून आप्पा घरी आले. "झुबेर, निरोपाच्या लढतीला दोन्ही कॉर्नर तुलाच बघायला लागतील. दापोलीच्या ओमकारचा पण आणि गौरवचा पण. जमंल ना तुला?"

"जमंल की. काम ते काम," मी म्हणालो.

आप्पा गेल्यावर शमीम, माझी बायको, मला खालीवर बघत राहिली. "आप्पा येडे झालेत. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! तुमी त्याला रगत जाईस्तवर बसवून ठेवाल, मी काय तुमाला वळकत नाय?"

ती खोटं बोलत नव्हती. मी तेच ठरवलं होतं. गौऱ्याची भुवई जुनी, दहा वेळा शिवलेली. ती फुटणार. हात जरा सैल धरायचा, औषध जखमेच्या कडेला लावायचं, डॉक्टर येईल आणि वाघाची निरोपाची लढत रक्तात बंद पडेल. जशी माझी पडली. जशास तसं. या विचाराने मला कित्येक दिवसांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

लढतीच्या संध्याकाळी हॉल भरला होता. भाट्येवाल्यांनी ढोल आणले होते. पुढच्या रांगेत गौऱ्याची आई कमळाकाकी नऊवारी नेसून बसलेली. गौऱ्याच्या कॉर्नरला त्याचा चुलतभाऊ शिवा, स्टूल आणि पाणी घेऊन. मी जवळ गेलो तेव्हा शिवाचं तोंड पडलं. गौऱ्या मात्र हसला. "काय झुब्या, जुन्या दोस्ताला सांभाळ हां!"

पहिल्या राऊंडपासूनच कळलं की वाघ म्हातारा झालाय. ओमकार चोवीस वर्षांचा, आंब्याच्या बागेत फवारणीचे पंप पाठीवर वाहून खांदे तयार झालेला. तो घाई करत नव्हता. बरगडी, पोट, परत बरगडी. गौऱ्याचे पाय जड झाले. तिसऱ्या राऊंडला त्याला श्वास पुरेना. चौथ्यात ओमकारचा डावा हात बसला आणि डावी भुवई फुटली. स्वच्छ ठोसा होता, सगळ्यांनी बघितला.

घंटा झाली. गौऱ्या स्टुलावर कोसळला. मी त्याचं डोकं हातात धरलं. इतक्या जवळून त्याचं तोंड मी तिसऱ्या लढतीनंतर बघितलं नव्हतं. ढोल वाजत होते, शिवा त्याच्या दुसऱ्या कानात ओरडत होता, आणि गौऱ्याने माझं मनगट पकडलं.

"झुब्या, ऱ्हाऊ दे. व्हाऊ दे ते रगत."

मी थांबलो.

"मी संपलोय रे. त्या पोराचा मार सोसवत नाय. स्टुलावर बसून सोडली तर गाव थुंकंल माज्यावर. डाक्टरनं थांबवली तर इज्जत ऱ्हाते. पाया पडतो तुज्या."

म्हणजे मी जे त्याला देणार होतो, तेच तो माझ्याकडे मागत होता! मी सूड म्हणून जपून ठेवलेली गोष्ट त्याच्यासाठी सुटका होती. मला हसू आलं असतं, पण मिनिट पळत होतं.

"देतो," मी त्याच्या कानाला तोंड लावलं. "आधी सांग. तिसऱ्या लढतीत हात होता का डोकं?"

त्याने डोळे मिटले. "डोकं."

"चुकून?"

"नाय. मुद्दाम मारलं. हरत होतो. आता सोड ना रे."

इतक्या वर्षांनी ऐकलं. वाटलं होतं, ऐकलं की आतली आग विझेल. कसली विझते! मुद्दाम. उलट ती कानाच्या पाळीपर्यंत आली.

मी काडी औषधात बुडवली आणि जखमेत सरळ आत घातली. अंगठ्याने दाबली. म्हाताऱ्या फिलिपिनोने शिकवलं होतं तशी, तसूभर इकडे-तिकडे नाही. गौऱ्या डोकं हलवायला लागला, तर मी ते दुसऱ्या हाताने माझ्या छातीशी घट्ट धरलं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, किती मायेने धरलंय. व्हॅसलीन लावलं. डॉक्टर बॅटरी घेऊन आला, वाकून बघितलं.

"व्वा, कोरडी ठाक! खेळू दे."

गौऱ्याने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी कधी विसरणार नाही आणि मला विसरायचंही नाही. शिवाने त्याला धरून उभा केला.

पाचव्यात त्याला इतका मार बसला की ओमकारच मध्येमध्ये पंचाकडे बघायला लागला, थांबवता का म्हणून. भुवईतून परत थेंब आला. मी परत बंद केली. सहाव्यात पोटात एक बसला आणि तो गुडघ्यावर आला. शुद्धीत होता. उठता आलं असतं. पंच मोजत होता आणि गौऱ्या डोळे उघडे ठेवून गुडघ्यावर बसून राहिला, सगळ्या भाट्येसमोर, दहा होईपर्यंत. ढोल बंद पडले. मागून कोणीतरी हाड्‌ म्हणालं.

कपडे बदलायच्या खोलीत त्याला टेबलावर आडवं केलं होतं. मी टाके घालायच्या आधीची पट्टी लावत होतो, तेवढ्यात कमळाकाकी थर्मास घेऊन आत आली. तिने माझे दोन्ही हात धरले आणि आपल्या डोळ्यांना लावले.

"झुबेर, तुज्यावानी मन कुणाचं नसंल रे बाबा. ज्याच्या हातनं तुजा डोळा गेला, त्याचंच रगत तू थांबवलंस. आक्खा हॉल तेच बोलतोय."

"आये," टेबलावरून गौऱ्याचा आवाज आला. "ह्यानं..."

"काय रे?"

तो उठून बसायला लागला. "ह्यानं मला..."

"काय केलं ह्यानं? बोल की बाबा."

खोलीत आप्पा होते, शिवा होता, दारात चार-पाच जण डोकावत होते. मी पट्टीची कड नीट बसवली आणि म्हणालो, "सांग ना गौऱ्या. मी इथंच हाय."

काय सांगणार होता? स्टुलावर बसून मी रडलो, पाया पडलो, लढत बंद पाड म्हणालो? आणि याने आधी काय विचारलं, मी काय कबूल केलं? आणि सांगितलं असतं तरी लोक काय म्हणाले असते? हरलेला माणूस काहीतरी बोलणारच.

"काय नाय," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

कमळाकाकीने थर्मासातला चहा कपात ओतून आधी माझ्या हातात दिला. मी खुर्ची ओढून त्याच्या टेबलाशी बसलो आणि तो गरम चहा फुंकर मारत, सावकाश, संपेपर्यंत प्यायलो.