बांधलेल्या वायरी

प्रयोगशाळेत तिळाएवढे तीन डायोड आले होते. पहिला तिने जाळला, दुसरा सरांनी. सरांनी जाळला त्याला अहवालात ‘अनुभव’ म्हटलं होतं. तिसरा सोमवारी बसवला. तिच्या संशोधनाची मुदत महिनाअखेर संपत होती आणि ती वाढवायची की नाही, हे संचालक बुधवारी प्रयोग बघून ठरवणार होते.

प्रयोग सांगायला सोपा. रंगात केसभर फरक असलेले दोन लेसर एकाच डायोडवर सोडायचे. त्या फरकाच्या तालावर डायोडमधली वीज सेकंदाला लाख कोटी वेळा हेलकावते आणि टेराहर्ट्झ लहर बाहेर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून समोर डिटेक्टर, आणि मध्ये मोटरवर फिरणारी चकती. चकती लहरीला सारखी अडवते-सोडते, तेव्हा कुठे डिटेक्टरला चाहूल लागते.

मंगळवारी दुपारी पडद्यावर आकडा आला. चाळीस.

सरांनी चष्मा दोनदा पुसला. विद्यार्थी पाठीमागे त्यांना ‘टापटीप’ म्हणत. संचालक येणार म्हणून सोमवारी टेबलावरच्या झाडून सगळ्या वायरी त्यांनी स्वतः एकत्र बांधल्या होत्या.

“कळवलं मी संचालकांना,” ते म्हणाले.

“ओला कागद राहिलाय, सर.”

हा नियम सरांचाच, वीस वर्षांचा. टेराहर्ट्झ कोरड्या कागदातून आरपार जाते, पाण्यात मरते. मध्ये ओला कागद धरल्यावर जो आकडा मरत नाही, तो वहीत चढत नाही.

“अगं, चाळीसला कसला कागद?”

“नियम तुमचाच आहे.”

“मी केला तेव्हा कुणी बघायला येणार नव्हतं.”

तिने कागद भिजवून धरला. अडतीस.

सर स्टुलावर बसले. संचालकांना करायच्या फोनचा मसुदा त्यांच्या चेहऱ्यावर उमटू लागला.

“सर, दोन गेले.”

“अडतीस राहिले, ते बघ!”

“राहिले ते आपले नाहीत. गेले ते आपले.”

ती टेबलाखाली वाकली. मोटरची वायर आणि डिटेक्टरची वायर गळ्यात गळा घालून पट्टीत आवळलेल्या. मोटरची घरघर विजेतून थेट डिटेक्टरच्या कानात. हे सरांना कसं सांगावं, या विचारात ती कात्री घेऊन तशीच उभी राहिली. सरांनी खाली पाहिलं, मग कात्रीकडे पाहिलं, आणि ती तिच्या हातातून काढून घेतली. पट्ट्या त्यांनीच कापल्या. एकेक, सावकाश.

वायरी लांब केल्यावर आकडा दोनवर उतरला. ओल्या कागदाने शून्य. कोरड्याने पुन्हा दोन. असं अकरा वेळा झालं, तेव्हा सरांनी स्वतःच्या अक्षरात वहीत ‘दोन’ लिहिलं.

बुधवारी संचालक म्हणाले, “चाळीस म्हणाला होतात.”

“काल चाळीस होते. आज खरे आहेत,” सर म्हणाले.

“दोनासाठी मुदतवाढ?”

तिने ओला कागद संचालकांच्या हातात दिला. त्यांनी तो मध्ये धरला. शून्य. काढला. दोन. पुन्हा धरला. चौथ्या वेळी त्यांना आपण खेळतोय हे लक्षात आलं असावं, कारण त्यांनी घाईने कागद खाली ठेवला, ओलं बोट रुमालाला पुसलं आणि अर्जावर सही केली.

जाताना टेबलाकडे बोट दाखवून म्हणाले, “तो पसारा मात्र आवरा. वायरी जरा बांधून ठेवा की.”

“नको, साहेब,” टापटीप म्हणाले. “बांधल्या की फार छान आकडा येतो.”