हवेत आवळलेला बोल्ट

मी एक जुना लोखंडी हात आहे. माणसाचा नव्हे हं मित्रांनो, गाडीचा! मागचे चाक जागच्या जागी धरून ठेवायचे, त्याला इकडेतिकडे भटकू द्यायचे नाही, एवढेच माझे काम. गाडी जिंकली की वाहवा होते इंजिनाची. माझी आठवण येते ती काही मोडले की. असो, तो रडका सूर मला आवडत नाही. मी आज बोलतो आहे ते वेगळ्याच कारणाने.

नैरोबीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जाड पोलाद कापून, जोडून मला आणि माझ्या जुळ्या भावाला घडवले. दोन्ही टोकांना रबराचे बुश, म्हणजे धक्के सोसणारी जाड नळकांडी, दाबून बसवली. रंग काळा, रूप बेताचे. तिथून आम्ही किरिन्यागा रोडवर ओमोंडीच्या सुट्या भागांच्या दुकानात आलो आणि फळीवर धूळ खात पडलो. शेजारी लाल, चकचकीत ॲल्युमिनियमच्या हातांची जोडी होती. तिच्या टोकांना रबर नव्हते, पोलादी गोळे होते. येणारा प्रत्येक जण आधी तिलाच कुरवाळी. मला राग यायचा, खोटे कशाला बोलू?

मग एक दिवस मुकामी आली. तिच्या निळ्या सुबारूचे मूळचे हात वाकले होते आणि मचाकोसच्या डोंगरावरची शर्यत तीन आठवड्यांवर आली होती. सोबत तिचे मिस्त्री होते, म्झे किलोन्झो; तिकडे वडीलधाऱ्याला आदराने 'म्झे' म्हणतात. अर्धे आयुष्य गाड्यांखाली उताणे पडून काढलेला माणूस.

"म्झे, ही लाल घेऊ या. हलकी आहे. सगळे हीच लावतात."

"सगळे लावतात, आणि महिन्याभरात खडखड करत माझ्याच दारात येतात. आपला रस्ता मुरमाचा आहे, पोरी. गोळ्यात धूळ शिरली की जात्यात घातल्यासारखं भरडून निघतं सगळं."

"मग काय हे काळे ठोकळे लावू? लोक हसतील!"

"तुला गाडी पळवायचीय की वरातीत नाचवायचीय?"

ओमोंडी खदखदून हसला. किलोन्झोंनी माझ्यावर पान्याने टक्कन ठोका दिला आणि कान लावून आवाज ऐकला. भेग असती तर आवाज बसका आला असता. मी खणखणीत वाजलो, आणि माझी निवड झाली. त्या क्षणी माझी छाती कशी फुलली म्हणून सांगू!

निघताना त्यांनी मुकामीला बजावले. "बोल्ट नुसते घालून ठेव. गाडी चाकांवर उभी केल्यावर मी आवळीन. चाक हवेत लोंबत असताना आवळलं, तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो. मग ते आतून फाटत जातं, बाहेरून कळतही नाही."

पण शनिवारी किलोन्झोंच्या भाचीच्या देजाची, म्हणजे वधूमूल्याची, बोलणी निघाली. मामाशिवाय ती बैठक होत नाही, आणि मामाला मध्येच उठता येत नाही. रविवारी तर सराव होता. मुकामीने गाडी जॅकवर चढवली, आम्हाला बसवले. गाडी बुटकी, खाली उतरवल्यावर पाना फिरवायला जेमतेम जागा. तिने थोडा विचार केला आणि चाक लोंबत असतानाच बोल्ट करकचून आवळला.

गाडी खाली आली आणि माझ्या बुशाला पीळ पडला. ओरडायला मला तोंड कुठले?

सोमवारी किलोन्झोंनी विचारले, "गाडी खाली घेऊन आवळलंस ना?"

"हो तर."

झाले. तिच्या 'हो'वर त्यांनी विश्वास ठेवला. शर्यतीच्या सकाळी मागून किर्र आवाज आला, तेव्हाही ते म्हणाले, "नवीन रबर आहे, बोलणारच." मुकामी मान खाली घालून हातमोजे चढवत राहिली. मला कळत होते, मित्रांनो, की तिलाही कळले आहे.

तिच्या शेजारी धाकटी बहीण गथोनी बसली. वळणे वहीतून वाचून सांगायचे काम तिचे. हेल्मेटचा पट्टा लावत ती म्हणाली, "ताई, मी वहीतून डोकं वर काढणार नाही बरं का. रस्ता तुझा, अक्षरं माझी."

निशाणवाल्याने पाच बोटे वर धरली. एक बोट मिटले. चार. माझे रबर धाग्यावर आले होते. तीन. मुकामीने मान वळवून बहिणीच्या वहीकडे पाहिले. दोन.

तिने इंजिन बंद केले.

"म्झे! मी खोटं बोलले. जॅकवर असतानाच आवळला होता बोल्ट!"

मागून कुणीतरी ओरडले, "चहा उकळायला थांबलात काय?" मुकामीने खाली उतरून गाडी बाजूला ढकलली. किलोन्झो मुरमात आडवे झाले. बोल्ट सैल होताच माझ्यातून धप्पकन पीळ सुटला आणि अर्धे रबर त्यांच्या तळहातावर गळून पडले. त्यांनी ते दोघी बहिणींपुढे धरले.

गथोनीने विचारले, "कुठे सुटलं असतं हे?"

"चढावर तग धरला असता. उतारावर, दरीकडच्या वळणाला गेलं असतं."

गथोनीने तो रबराचा तुकडा हातात घेतला. मग बहिणीकडे वळून म्हणाली, "दोनपर्यंत का थांबलीस गं?"

 मुकामी तिथेच धुळीत बसून रडली.

मला नवे बुश बसले आहेत, मी पुन्हा कामाला लागलो आहे. मुकामी आता स्वतः मुरमात झोपून, गाडी चाकांवर उभी असतानाच बोल्ट आवळते. बहिणी बोलतात, हसतात; पण गथोनी बसण्याआधी खाली वाकून मला एकदा हाताने हलवून पाहते. मित्रांनो, चूक कुणाच्याही हातून होते. ती ज्याच्या जिवावर बेतणार आहे, त्याला लगेच सांगा. गथोनी मला हलवून पाहते, तेव्हा मुकामी मान दुसरीकडे फिरवते.