स्वतः शिकण्याचा तास

नव्या अभ्यासक्रमात ‘आजन्म शिक्षण कौशल्ये’ हा विषय आला, तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजातल्या कुणालाच तो नको होता. फिरत फिरत तो धाकट्या मॅडमच्या गळ्यात पडला. विभागात सगळ्यांत नव्या, म्हणून धाकट्या. बाकीच्यांनी सल्ला दिला, की मुद्दे लिहून द्या आणि मोकळ्या व्हा. मॅडमना ते काही पटेना. त्यांनी कार्यशाळेत धूळ खात पडलेला पाण्याचा पंप टेबलावर आणवला आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सांगितलं, की हा का चालत नाही ते तुम्हीच शोधायचं, मी तोंड उघडणार नाही.

मुलं पंपाकडे बघत उभी राहिली. एकाने विचारलं, हे परीक्षेला कसं येणार? दुसऱ्याने पंपाचा फोटो काढला आणि झालं म्हणाला. पुढच्या तासाला निम्मा वर्ग गायब, मग उरलेलाही.

टिकली ती एक मुलगी. एकेक शब्द निवडून टिपून सावकाश बोलायची, म्हणून वर्ग तिला आजी म्हणायचा. आधी तिला पानासुद्धा धड धरता येत नव्हता. नको तो बोल्ट आधी सोडवून तिने आतलं घाण पाणी अंगावर घेतलं, आणि स्वतःशीच हसली. ग्रंथालयात जाऊन वाचायची, परत येऊन खोलायची. आतलं चाक एका बाजूला घासत होतं, हे तिला सापडलं. पण ते का घासतं, याने तिची झोप उडाली. दांडा वाकला होता. मग तो का वाकला? त्यापायी इतर तास बुडू लागले. मॅडमच्या ते लक्षात आलं होतं. पण असं शिकणारं कुणीतरी समोर होतं, त्या आनंदात त्यांनी तिला टोकलं नाही.

पंप चालू झाला, तेव्हा तिथे दोघीच होत्या. दोघी बराच वेळ त्याचा आवाज ऐकत बसल्या.

परीक्षेत प्रश्न आला, ‘आजन्म शिक्षणाची वैशिष्ट्ये लिहा.’ फोटो काढणाऱ्याने गाइडमधले मुद्दे उतरवले आणि पहिला आला. आजीने पंपाबद्दल लिहिलं. तपासणारे बाहेरचे, त्यांनी ते विषयाला सोडून आहे असं ठरवलं. बाकीच्या विषयांत ती आधीच आडवी झाली होती. वर्ष गेलं.

मॅडम विभागप्रमुखांकडे गेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला. तुमचं चूक नाही, म्हणाले, पण पेपर आपल्या हातात नाही, आणि मुलांच्या घरून तक्रारी आल्या आहेत. यंदा मुद्दे द्या.

आजी वडिलांना घेऊन दाखला न्यायला आली. वडील रागावलेले नव्हते, आणि मॅडमना तेच जड गेलं. आता मामाच्या दुकानात बसेल, तिथे माणूस हवाच आहे, एवढंच ते बोलले. मॅडमनी पुन्हा परीक्षेला बसायचं सुचवलं. मी रोज शिकवीन, म्हणाल्या. आजीने नकारार्थी मान हलवली.

“मॅडम, माझं पाठांतर लहानपणापासून चांगलं होतं,” ती म्हणाली. “आता पुस्तक उघडलं की पहिल्याच ओळीला ‘हे असं का’ म्हणून अडते. पुढे जाताच येत नाही.”

“ते चांगलंच आहे गं.”

“असेल. पण मला ते परवडलं नाही.”

तिच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. वाकून नमस्कार करून ती वडिलांच्या मागून जिना उतरली. 

नव्या सत्रात वर्ग गच्च भरला होता. मॅडमनी पहिला मुद्दा सांगितला. सगळ्या माना खाली गेल्या, पेनं चालू लागली. मागून कुणीतरी, मॅडम, जरा हळू सांगा, म्हणालं.

त्या हळू सांगू लागल्या.