सगळ्या फाइली एकदम

जगदेव बडेबाबू सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांच्या शिस्तीचं भरभरून कौतुक केलं. शिस्त अशी, की महिन्याच्या सगळ्या नस्त्या टेबलावर जमल्याशिवाय बडेबाबू पहिल्या नस्तीची दोरी सोडत नसत. फाईल आली तशी हातावेगळी करणं म्हणजे त्यांना भाजीचा ठेला वाटायचा. टेबलावर ढीग, ढिगामागे माणूस आणि व्हरांड्यात त्याची वाट बघणारे लोक असले, तरच ती कचेरी.

अशा माणसाला घरी बसवणं मंगरूळपीरला परवडणारं नव्हतं. तिथल्या एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष दौलतसिंगभाऊ यांनी त्यांना ‘तांत्रिक सल्लागार’ म्हणून बोलावून घेतलं. भाऊंची स्वतःची अनुदानाची फाईल बडेबाबूंनी मागे अशी काही धरून ठेवली होती, की तेव्हापासून भाऊंच्या मनात त्यांच्याबद्दल आदर बसला होता तो बसलाच.

संस्थेच्या शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं वाळवीच्या तोंडी चालली होती. शिपायांनी पानापानाचे मोबाईलवर फोटो काढले होते आणि ते हजारोंच्या घरात गेले होते. प्रत्येक फोटो लहान करायचा, त्यावर शाळेचं नाव आणि वर्ष टाकायचं, ज्याच्या त्याच्या फोल्डरात ठेवायचा, हे काम. बडेबाबूंची सून मंजुषा वाशीमला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. ती म्हणाली, हाताने कशाला करता, स्क्रिप्ट लिहा. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेला हुकूम. हुकूम म्हटल्यावर बडेबाबूंनी पुढचं काही ऐकलं नाही.

मोबाईलमधल्या एआयला त्यांनी शुद्ध शासकीय मराठीत कळवलं, की प्रथम सर्व फोटो उघडून एकत्र जमा करावेत, सर्व जमा झाल्याची खात्री करावी व तदनंतरच पुढील कार्यवाही करावी. एआयनं नम्रपणे सुचवलं, की फोटो एकेक करून घेतला तर मेमरी कमी लागेल. बडेबाबूंना त्याचा राग आला नाही. कनिष्ठाने टिपणी मांडायचीच असते. त्यांनी शेरा मारला, ‘आदेशाप्रमाणे करावे’, आणि एआयनं तसं करून दिलं. इतका आज्ञाधारक कारकून त्यांना उभ्या नोकरीत भेटला नव्हता.

मूठभर फोटोंवर स्क्रिप्ट झकास चालली. बडेबाबूंनी शिपायांना बोलावून दाखवलं, मास्तरांना दाखवलं, मग सगळी रजिस्टरं तिच्या पुढ्यात टाकली. कॉम्प्युटरचा पंखा घरघरला, माऊसचा बाण जागच्या जागी रुतला आणि थोड्या वेळानं पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. बडेबाबूंनी अध्यक्षांना लेखी कळवलं, की यंत्राची मेमरी अपुरी आहे.

वाशीमहून रवी नावाचा मेकॅनिक आला. त्यानं मेमरी दुप्पट केली आणि चहा पिऊन गेला. कॉम्प्युटर आता जरा उशिरा बंद पडायला लागला. ही प्रगती बघून दौलतसिंगभाऊंना हुरूप आला. त्यांनी थेट सर्व्हरच मागवला. तालुक्यात कोणाकडेच सर्व्हर नव्हता. मग उद्घाटन, मांडव, फ्लेक्स, प्रमुख पाहुणे हे सगळं ओघानं आलंच.

त्या रविवारी मंजुषा अंगणात तूर निवडत बसली होती. बडेबाबूंनी सर्व्हरची बातमी सांगितली तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं आणि स्क्रिप्ट बघायला मागितली. बघितल्यावर ती हसली नाही, हे तिचे संस्कार.

“मामाजी, तुमी सगळे फोटो उघडून ठेवता अन् एकही बंद करत नाही. फोटो ठेवलेला असते तवा सतरंजीच्या घडीसारखा असते. उघडला का खोली भरते. इतक्या सतरंज्या कॉम्प्युटरनं अंथराव्या कुठी?”

“सर्व्हरमंदी जागा आहे.”

“तोही भरीन. एक उघडा, काम करा, ठेवून द्या, सोडा. मंग दुसरा.”

“अन् सगळ्याईचा मेळ?”

“मेळ कायले पायजे? या पानाले त्या पानाशी काय घेणं आहे?”

बडेबाबूंना हे लागलं. ज्याच्यावर त्यांनी जन्म काढला त्या मेळाला सुनेनं तूर निवडता निवडता बाजूला काढलं होतं. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणी नाही असं बघून त्यांनी हुकूम बदलला. एक फोटो उघडायचा, लहान करायचा, फोल्डरात ठेवायचा. फक्त सोडून द्यायचं मन होईना म्हणून झालेला प्रत्येक फोटो ‘संदर्भासाठी’ मेमरीतही जमा ठेवायला सांगितला. पडद्यावर मेमरीची रेघ हळूहळू चढायला लागली आणि छताला टेकून कॉम्प्युटर परत झोपला.

संदर्भाची ओळ त्यांनी शेवटची एकदा वाचली. मग त्यांनी ती खोडली.

रेघ थोडी वर गेली आणि तिथेच आडवी राहिली. एक फोटो जायचा, दुसरा यायचा, रेघ जागची हलायची नाही. बडेबाबूंनी डबा उघडला, भाकरी-पिठलं खाल्लं, हात धुऊन आले, तर काम संपलं होतं. काम संपलेलं बघायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी फोल्डर उघडून पुन्हापुन्हा खात्री केली. मग पोरासारखे लगबगीनं अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेले.

दौलतसिंगभाऊंचा चेहरा मात्र पडला.

“बडेबाबू, काम करून टाकलं तुमी? कोणाले विचारून?”

“जुन्याच मशीनवर झालं भाऊ. सर्व्हरची गरजच नाही.”

“ते बोलू नका. पाहुणे येऊन राह्यले. त्याईच्या हातानं बटन दाबाचं आहे. काम संपलं तर बटन दाबून काय दाखवाचं, खुर्च्या?”

भाऊंनी आवाज उतरवून समजूत घातली. झालेलं काम पेन ड्राईव्हवर राहू द्यावं, त्याची वाच्यता करू नये आणि सर्व्हरवर जुनीच स्क्रिप्ट चालवावी, म्हणजे एवढं मोठं यंत्र कशाला घेतलं ते लोकांना दिसेल. बडेबाबूंना प्रथमच वरिष्ठांचा हुकूम घशाखाली उतरेना. पण नाही म्हणायची त्यांची सवय खालच्यांपुरतीच होती. ते ‘बरं’ म्हणाले.

कार्यक्रम थाटात झाला. सूत्रसंचालन शाळेतल्या ज्योत्स्ना मॅडमकडे होतं. पाहुण्यांनी नारळ फोडून बटन दाबलं, सर्व्हरचा पंखा असा गर्जला की मांडवातली मंडळी सावरून बसली. भाषण सुरू असतानाच मागच्या मोठ्या पडद्यावरचं काम थांबलं आणि लाल अक्षरांत इंग्रजी ओळ उमटली. तिच्यातला ‘मेमरी’ एवढाच शब्द पाहुण्यांना कळला. त्यांनी तिथून आपल्या आजीच्या स्मरणशक्तीवर भाषण वळवलं. ज्योत्स्ना मॅडमनी प्रणालीनं माहिती यशस्वीरीत्या स्वीकारल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. बडेबाबूंना शाल मिळाली आणि जेवणाच्या रांगेत भाऊ त्यांच्या कानाशी म्हणाले, “याहून मोठा सर्व्हर पाहा लागते.”

पुढच्या आठवड्यात कामरगावहून लिलाबाई आल्या. नातू प्रसेनजितच्या जातपडताळणीला त्याच्या पणज्याचा शाळेतला उतारा हवा होता. खिडकीवरच्या कारकुनानं सांगितलं, की सर्व्हरचं काम सुरू आहे, महिना-दोन महिन्यांनी या. लिलाबाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्या पिशवी उचलून निघाल्याच होत्या.

बडेबाबूंनी त्यांना आत बोलावलं. पेन ड्राईव्ह लावला, वर्ष शोधलं, पान काढलं, छापलं, मुख्याध्यापकांची सही-शिक्का आणून कागद त्यांच्या हातात दिला. लिलाबाईंनी तो उजेडाकडे धरून बघितला.

“बाबू, हे खरं आहे नं? इतक्या लवकर कसं काय निंगालं?”

“खरं आहे बाई. घ्या अन् जा.”

“नाई, पडताळणीत अडकाले नको. मले काई घाई नाई. तुमी आपलं बराबर तपासून घ्या, मी बसतो तिकडं.”

कागद टेबलावर ठेवून त्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या. बडेबाबूंनी दोनदा बाहेर येऊन त्यांना समजावलं. त्या मान डोलवायच्या आणि बसून राहायच्या. शेवटी त्यांनी लिलाबाईंना चहा पाठवला आणि कामरगावच्या गाडीची वेळ झाली तेव्हा जरा कडक आवाजात नाव पुकारलं. लिलाबाई चटकन उठल्या, दोन्ही हातांनी कागद घेतला आणि समाधानानं स्टँडकडे चालू लागल्या.